चुन्याचा गिलावा पहिल्यांदाच करताय? पाणी कुठे द्यायचं आणि कुठे नाही ते आधी समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळच्या गावात आजोबांचं जुनं घर, भिंती विटांच्या पण मातीत बांधलेल्या, आतून पूर्वी चुन्याचा गिलावा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी खालच्या चार फुटांवर सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि आता तेच फुगून पडतंय, मागे ओल आणि लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार. दिवाळीच्या सुट्टीत एक खोली स्वतःच्या हाताने चुन्यात करायची इच्छा आहे, हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची गोणी आणून ठेवलीये, व्हिडिओ बघून गूळ, मेथी, बेलफळ, उडीद अशी यादी पण तयार आहे. नवख्या माणसाला हे जमेल का?

जमेल. मी बावीस वर्षं जुने वाडे आणि गावाकडची घरं दुरुस्त करतोय आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या कितीतरी जणांनी आधी आयुष्यात थापी धरलेली नव्हती. पण चार दिवसांच्या सुट्टीत खोली होणार नाही हे आधीच सांगतो. दिवाळीत दोन कामं करा: सिमेंट काढा आणि चुना भिजत घाला. चुना मुरला की एक तीन बाय तीन फुटांचा नमुना करून बघा. खऱ्या गिलाव्याला जानेवारीत हात घाला. तोपर्यंत भिंत पण सुकते, चुना पण मुरतो, आणि तुमच्याकडे तेव्हा हवा कोरडी असली तरी ऊन तापलेलं नसतं, ते चुन्याला मानवतं.

आता मूळ मुद्दा. चुन्याच्या कामात नवीन माणसाचं जे काही बिघडतं ते जवळजवळ सगळं पाण्यावरून बिघडतं. मिश्रणात पाणी जास्त, भिंतीला कमी, आणि गिलावा झाल्यावर तर अजिबातच नाही. लोकांना वाटतं गिलावा म्हणजे वाळला की झाला. चुना वाळून घट्ट होत नाही हो. चुनखडी भट्टीत साधारण ९०० डिग्रीला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, १०० किलो शुद्ध चुनखडीचा ५६ किलोच. त्यावर पाणी घातलं की तो विरतो, आणि मग भिंतीवर लावला की हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड परत शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. पण हा वायू आधी गिलाव्याच्या छिद्रांमधल्या ओलाव्यात विरघळावा लागतो, तरच पुढची क्रिया होते. म्हणजे गिलावा पूर्ण कोरडा पडला की क्रिया थांबली, आणि चिंब ओला असला तर हवा आत जात नाही म्हणून पण थांबली. मधली अवस्था टिकवायची, दमट. ढोबळ हिशोब म्हणजे महिन्याला एखाद मिलिमीटर, म्हणून घाई करून उपयोगच नाही.

माझा पहिला गिलावा मी मे महिन्यात केला होता, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत. दुपारी काम संपलं, वाळावा म्हणून पंखा फुल्ल लावला आणि खिडक्या उघड्या टाकून झोपलो. तिसऱ्या दिवशी भिंतीवर तळहाताएवढ्या तुकड्यांची भेगांची जाळी होती आणि बोटाने घासलं तर पिठासारखी भुकटी हाताला येत होती. आठ दिवसांनी एक अख्खा पापुद्रा पडला, त्याच्यामागची वीट कोरडी ठणठणीत, जणू तिथे कधी काही लावलंच नव्हतं. चुना चांगला होता, वाळू चांगली होती, फक्त पाण्याचं सगळं उलटं झालं होतं.

तर पहिलं पाणी म्हणजे जे नको आहे ते, जमिनीतून वर येणारं. मातीत बांधलेली विटांची भिंत जमिनीची ओल वर खेचते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडते, इतकी वर्षं तिचं हेच चाललं होतं. सिमेंटच्या थराने ती वाट बंद झाली, मग ओल आणखी वर चढली आणि पाण्याबरोबर आलेले क्षार थराच्या मागे साठून त्यांचे खडे झाले. ते खडेच प्लास्टर ढकलून पाडतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो पण ओल थांबवत नाही, हा फरक नीट लक्षात घ्या. आधी घराबाहेर जाऊन बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडतंय का, अंगणात फरशी किंवा काँक्रीट करताना उतार घराकडे आलाय का, मातीचा भराव जोत्याच्या वर गेलाय का. हे निस्तरल्याशिवाय आत काहीही लावलंत तरी दोन पावसाळ्यांत परत तेच. आणि सगळं निस्तरूनही खालचा फूट-दीड फूट काही वर्षांनी परत करावा लागेल, क्षार विटेत बसलेत ते हळूहळू बाहेर येणारच. तो गिलावा खराब होतो म्हणून वीट वाचते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सिमेंट काढताना छन्नी भिंतीला समांतर धरा, आडवी, विटेत घुसवू नका. जिथे पोकळ आवाज येतो तिथून सुरू करा. सांध्यांमधली सुटी माती अर्धा इंच खरवडून काढा, लोण्याची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा आणि ती झाडलेली घराबाहेर नेऊन टाका. तिथे पाणी मारून धुवायचं नाही, क्षार परत आत जातात. मग भिंत तशीच उघडी ठेवा, दोन महिने तरी.

चुना. दुकानातून आणलेली गोणी बहुतेक भुकटी केलेल्या विरलेल्या चुन्याची असेल, सफेदीसाठी विकतात ती. ती किती दिवस पडून होती कोणाला माहीत. चमचाभर चुना वाटीत घ्या, थोड्या पाण्यात कालवा आणि वरून व्हिनेगर टाका. जोरात बुडबुडे फसफसले तर त्यातला बराच चुना गोणीतच हवा खाऊन पुन्हा चुनखडी झालाय, तो गिलाव्याला कामाचा नाही. फारसं काही झालं नाही तर ठीक, पाण्यात भिजवून निदान आठ-पंधरा दिवस ठेवा आणि वापरा. पण मनापासून सांगायचं तर पहिल्या कामालाही कळीचा चुना मिळवा, ताजा, ढेकळांचा. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये चुन्याचे वर्ग दिलेत, त्यातला सी वर्ग म्हणजे आपल्याला हवा तो शुद्ध चुना. डी वर्गात मॅग्नेशियम जास्त असतं आणि तो विरायला फार आळशी, त्यामुळे विक्रेत्याला विचारूनच घ्या. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना पूर्वापार वापरात आहे, तो चांगला मिळाला तर उत्तम.

विरवताना मात्र खेळ नाही. लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिकची बादली वितळते. आधी पाणी, मग त्यात चुना, थोडा थोडा, लांब दांड्याच्या फावड्याने हलवत. उलटं कधीच करायचं नाही, ढेकळांवर पाणी ओतलं तर उकळतं शिंतोडं तोंडावर येतं. एक किलो कळीला अंदाजे तीन लिटर पाणी. मिनिटा-दोन मिनिटांत ढेकूळ सुस्कारे टाकायला लागतं, तडकतं, फुलतं आणि ड्रम अक्षरशः उकळायला लागतो, ती वाफ बघून पहिल्यांदा छातीत धडधडतं. डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, हातात रबरी ग्लोव्हज, पायात बूट, आणि स्वच्छ पाण्याची बादली हाताशी. डोळ्यात उडालं तर वीस मिनिटं सलग साध्या पाण्याने धुवायचं आणि सरळ डॉक्टर गाठायचा, लिंबू, व्हिनेगर, तूप असलं काही घालायचं नाही. लहान मुलं त्या दिवशी घरी नकोतच, आणि नंतरही ड्रमवर झाकण आणि झाकणावर दगड.

दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळा. जाळीवर जे टणक खडे राहतात ते फेकून द्या, पाट्याने चेचून परत टाकू नका. त्यातला न विरलेला कण गिलाव्यात गेला तर तीन महिन्यांनी भिंतीत बसून विरतो, फुगतो आणि वरचा टवका उडवतो. असा खड्डा बघितलात तर मधोमध पांढरा ठिपका दिसेल, तोच तो कण. गाळलेला चुना प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा, वर चार बोटं निवळी, म्हणजे चुन्यावरचं स्वच्छ पाणी, राहू द्या आणि विसरून जा. महिना कमीत कमी, मी स्वतः तीन महिने ठेवतो. मुरलेला चुना ओळखायला सोपा आहे, पानवाल्याच्या डबीतला चुना आठवा, तसा मऊ, चिकट, बोटावरून न ओघळणारा. (दुकानात वॉल पुट्टी म्हणून जी पिशवी मिळते तिचा याच्याशी काही संबंध नाही, ती पांढऱ्या सिमेंटची असते.)

वाळूबद्दल जास्त बोलत नाही. टोकदार, लहान-मोठ्या कणांची मिसळलेली, मातीविरहित. काचेच्या बरणीत अर्धी वाळू अर्धं पाणी हलवून रात्रभर ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुवून घ्यायची. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी फार असते, ती न धुता वापरली की भेगा पडतातच.

प्रमाण घनफळाने एकास तीन, एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. यामागचं कारण असं की सुक्या वाळूत सुमारे तिसरा हिस्सा पोकळी असते, तेवढी चुन्याने भरायची. तुमची भिंत समजा १० बाय ८ फूट आणि दोन थर मिळून २० मिलिमीटर, तर सांडलवंड धरून १८० लिटर वाळू आणि ६० लिटर चुना लागेल, म्हणजे कळी २५ ते ३० किलो. नमुन्याच्या तुकड्याला दोन घमेली माल पुरतो.

आणि इथे दुसरं पाणी येतं, जे घालायचंच नाही. चुना आणि वाळू एकत्र केल्यावर ते कोरडं, ढेकळं झाल्यासारखं दिसतं आणि हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. नका घालू. कुटा. माझे मिस्त्री, ज्यांच्याकडे मी शिकलो, ते मुसळासारखा लाकडी दांडा द्यायचे आणि म्हणायचे, अजून. पंधरा-वीस मिनिटं कुटल्यावर तोच माल हातातल्या हातात मऊ व्हायला लागतो, चुन्यातलंच पाणी बाहेर येतं, थापीवर घेतला की लोळतो पण थापी उलटी केली तरी पडत नाही. पूर्वी हेच काम घाण्यावर व्हायचं, गोल चरात दगडी चाक, बैल फिरवायचे. तिकोना किल्ल्यावर चढताना असा चुन्याचा घाणा आजही बघायला मिळतो. त्या जड चाकाखाली माल दाबून रगडला जायचा, आणि तीच खरी युक्ती होती, पाणी न घालता मऊ करणं. घरी ड्रिलला लावायचा मिक्सिंगचा पाता चालतो पण तरी शेवटी थोडं कुटाच. जास्तीचं पाणी उडून गेलं की तेवढी जागा आकसते आणि भेग पडते, दुसरं काही गूढ नाही.

पहिल्या थरात ताग किंवा काथ्या इंच-दीड इंच कापून, पिंजून मिसळा, भेगांना चांगला आवर बसतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, म्हणजे ही अक्कल फार जुनी आहे. खालच्या दमट चार फुटांसाठी वाळूतला एक भाग काढून तिथे सुरखी घाला, म्हणजे एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे विटांचा चुरा, पण वीट कमी भाजलेली घ्या, भट्टीतली काळपट कडक नको, आणि चुरा पिठाच्या चाळणीतून जाईल इतका बारीक. अशी सुरखी चुन्याबरोबर ओलीतही घट्ट होते, नुसता शुद्ध चुना होत नाही. फक्त सुरखीचा माल त्याच दिवशी संपवायचा. बिनसुरखीचा माल मात्र हवाबंद झाकून ठेवला तर आठवड्यांनी पण चालतो, उलट सुधारतो.

तुमची ती यादी, गूळ, मेथी, बेलफळ, उडीद. हे सगळं खरं आहे, आपल्याकडे पूर्वापार वापरतात, मी पण बाहेरच्या भिंतींना गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चीक वापरतो. पण पहिल्या भिंतीत नको. गूळ जास्त झाला की चुना घट्ट व्हायला उशीर करतो, दमट खोलीत बुरशीचे काळे डाग येतात, आणि काही बिघडलं तर नेमकं कशामुळे ते तुम्हाला कळणारच नाही. आधी चुना-वाळू-पाणी एवढंच हाताला कळू द्या. आणि गावातला गवंडी बघायला येईल आणि हमखास म्हणेल की थोडं सिमेंट टाका, लवकर बसेल. चांगल्या मनाने म्हणेल, पण टाकू नका. चिमूटभर सिमेंटने मजबुती येत नाही, चुन्याचा लवचिकपणा आणि श्वास मात्र कमी होतो, आणि सिमेंटचे स्वतःचे क्षार त्या भिंतीत जातात ते वेगळंच.

तिसरं पाणी भिंतीचं. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी परत, आणि लावायच्या आधी अर्धा तास परत. कोरडी वीट मालातलं पाणी मिनिटभरात शोषून घेते आणि चिकटायच्या आधीच थर मरतो, माझ्या त्या पडलेल्या पापुद्र्यामागे हेच होतं. पण पाणी ओघळत असताना लावू नका. भिंत गडद रंगाची, हाताला गार आणि ओली न लागणारी, अशी हवी. मातीचे सांधे आहेत म्हणून पाईपचा फवारा नको, फवारणीचा पंप घ्या, पण नवीन किंवा फक्त पाण्यासाठी ठेवलेला, तणनाशक मारलेला नको.

पहिला थर १० ते १२ मिलिमीटर. थापीने फासू नका, भिंतीवर मारा, मनगटाने झटका देऊन. आपटलेला माल विटेच्या खाचांत घुसतो. पट्टीने ढोबळ सारखा करा आणि मग थांबा. अॅल्युमिनियमची पट्टी चालेल पण लगेच धुवा, चुना अॅल्युमिनियम खातो, आणि त्या धातूच्या भांड्यात माल तर कधीच ठेवू नका. दोन-चार तासांनी अंगठा दाबून बघा. अंगठा रुतत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, ही वेळ. आता लाकडी रंधा (सुताराचा नव्हे, गवंड्याची मूठ असलेली सपाट फळी) घ्या आणि गोल गोल, जोर लावून घासा, कोरडं वाटलं तर हलका फवारा. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, मग जसा माल दबतो तसा तो घट्ट, बसका होत जातो, दोन-तीन भिंती केल्यात की आवाजावरूनच कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक भेगा दिसतील, घाबरू नका, पाणी शिंपडून परत रंधा मारा, मिटतात. लोखंडी पत्रा, म्हणजे गुळगुळीत करायची लोखंडी थापी, या थराला लावू नका, त्याने पृष्ठभाग गुळगुळीत होऊन बंद होतो आणि पुढचा थर धरत नाही. शेवटी तिरक्या उभ्या-आडव्या रेघा ओढून ठेवा.

आणि मग चौथं पाणी, जे सगळे विसरतात. खिडक्यांना गोणपाट ओलं करून टांगा, भिंतीसमोर पण इंचभर अंतर सोडून टांगता आलं तर फारच छान. दिवसातून तीन-चार वेळा धुक्यासारखा फवारा, निदान आठवडाभर, सुरखी असेल तर दोन आठवडे. पंखा बंद. प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवू नका, हवा पण लागते ना त्याला. भिंतीचा रंग फिकट होत चालला आणि नख सहज उमटेना झालं की साधारण दहा दिवसांनी दुसरा थर, ८ मिलिमीटरचा, सगळं तसंच, फक्त ताग नको. त्यावर हवा असेल तर मुरलेला चुना आणि संगमरवराची बारीक भुकटी समसमान घेऊन दोन मिलिमीटरचा शेवटचा हात, इथे पत्रा चालतो.

नमुना बघायचा कसा तर महिन्याभराने त्याचा एक कोपरा तोडा आणि तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण टाका, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. जिथे चुना अजून कच्चा आहे तिथे कडक गुलाबी रंग येतो, जिथे पुन्हा दगड झालाय तिथे काहीच येत नाही. बाहेरून मिलिमीटरभर बिनरंगी रेघ आणि आत सगळं गुलाबी दिसलं की समजा काम बरोबर चाललंय. बिनरंगी रेघच नसेल तर तुमचा तुकडा एकतर फार कोरडा राहिला किंवा सतत चिंब, गोणपाटाचं वेळापत्रक बदलून दुसरा तुकडा करा आणि मगच अख्खी भिंत घ्या.

रंग म्हणाल तर ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट काही नको, सिमेंटने जी वाट बंद केली होती तीच परत बंद होईल. सफेदीच द्या. मुरलेला चुना पाण्यात पातळ दुधाइतका कालवून, गाळून, भिंत दमट करून कुंच्याने रोज एक हात, असे चार-पाच हात. ओला असताना काहीच दिसत नाही, पाणी मारल्यासारखं वाटतं, आणि सगळेजण तिथेच चुना आणखी घट्ट करतात. तसाच पातळ ठेवा, सकाळी येऊन बघा, पांढरा झालेला असतो.